तालुक्याच्या कोर्टातून जुन्या केसचे कागद कसे काढायचे : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अगं त्याची केस झाली होती ना आजोबांच्या वेळी, निकाल लागलाय त्याचा." बरं, निकाल काय लागला? माहीत नाही. कुठल्या कोर्टात? तालुक्याला. कागद कुठेत? थोरल्या काकांच्या पत्र्याच्या पेटीत होते, ती पेटी आता नाही. आमच्याकडे अगदी असंच होतं, आणि माझी आत्या वयाच्या शहात्तराव्या वर्षी मला म्हणाली की तो कागद मला एकदा डोळ्यांनी बघायचाय, म्हणून मी तिच्यासोबत तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घातले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण वकील लावायच्या आधी बरंचसं काम आपलं आपल्याला करता येतं आणि हे कुणी सांगत नाही.

आधी हे का करायचं ते सांगते. वाटपाचा दावा कोर्टात निकाली निघाला असेल तर हुकूमनाम्यात, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या हुकमात (डिक्रीत), कुठला सर्व्हे नंबर कुणाच्या वाट्याला गेला हे लिहिलेलं असतं, आणि घरातल्या मुलींसाठी हा कागद फार महत्त्वाचा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप त्यातून बाजूला ठेवलंय. तोंडी वाटप झालं होतं असं नुसतं म्हणून भागत नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलंय. म्हणजे "केस झाली होती, सगळं वाटून झालंय, तुझं काही नाही" असं कुणी बहिणीला सांगत असेल तर पहिला प्रश्न हाच, की हुकूमनामा कुठाय, तारीख काय आणि त्यात नेमकं काय लिहिलंय. आणि हा कागद फक्त कोर्टातूनच मिळतो, सही शिक्क्याची नक्कल म्हणून.

खरंच कोर्टात होती का ते आधी बघा

गावात "कोर्ट" हा शब्द कशालाही वापरतात. तहसीलदारापुढे सुनावणी झाली तरी कोर्ट, प्रांतांकडे अपील झालं तरी कोर्ट. बांधावरचा रस्ता अडवला म्हणून केलेली केस तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ खाली चालते, नावातच कोर्ट आहे, पण ती फाईल असते तहसील कचेरीत. कुळकायद्याची ३२ग ची, म्हणजे कुळाने जमीन विकत घेण्याची प्रकरणं पण तिकडेच. फेरफाराची (म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या बदलाच्या नोंदीची) तक्रार, सातबाऱ्यातली दुरुस्ती, वारसनोंदीचा वाद, हे सगळं महसूलचं. ह्यातलं काही असेल तर दिवाणी कोर्टाच्या खिडकीवर दिवसभर उभं राहून काही मिळणार नाही, तिथला क्लार्क तरी काय करणार.

मग कोर्टात काय असतं? वाटपाचा दावा, मनाईचा दावा, खरेदीखत रद्द करा म्हणून केलेला दावा, पैसे वसुलीचा दावा, वारस दाखल्याचा अर्ज, भूसंपादनाची वाढीव रक्कम, आणि सगळ्या फौजदारी केसेस. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारताना "कोर्टात होती का" असं विचारू नका, "वकील कोण होते, काळा कोट घालायचे का, साक्षीला पिंजऱ्यात उभं केलं होतं का" असं विचारा, त्यातून बरोबर कळतं. आत्याला वकिलांचं नाव आठवत नव्हतं, पण वडलांनी पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली होती आणि ती बाहेर पायरीवर बसून होती हे आठवत होतं, तेवढ्यावरून आम्हाला दिवाणी कोर्ट हे पक्कं झालं.

नंबर, साल, कोर्ट

ह्या तीन गोष्टींशिवाय काहीही होत नाही, हे मनावर कोरून ठेवा. रेकॉर्ड रूममध्ये कागद नावाने लावलेले नसतात, नंबराने आणि सालाने लावलेले असतात. "पाटलांची केस" म्हणून विचारलंत तर त्या तालुक्यात पाटलांच्या पाचशे केसेस असतील.

नंबराच्या आधी जी अक्षरं असतात ती पण लिहून घ्या, नंबर एकच असला तरी प्रकार वेगळा म्हणजे केस वेगळी. रे.मु.नं. किंवा आर.सी.एस. म्हणजे नेहमीचा दिवाणी दावा, स्पेशल दावा म्हणजे वरिष्ठ स्तर कोर्टातला, जिथे मोठ्या रकमेचे दावे चालतात, आर.सी.ए. म्हणजे जिल्हा कोर्टातलं अपील, दरखास्त म्हणजे निकालाची अंमलबजावणी, आर.सी.सी. आणि एस.सी.सी. म्हणजे फौजदारी. दरखास्तीचा नंबर आणि मूळ दाव्याचा नंबर वेगवेगळे असतात, घरात सापडलेल्या कागदावर दरखास्तीचा नंबर असेल आणि तुम्ही तो दाव्याचा म्हणून दिलात तर भलतंच बाड हातात येईल.

आमची चूक सांगते. आजोबांच्या एका जुन्या वहीत "दावा नं. १४२" एवढंच लिहिलेलं होतं, साल नव्हतं. आत्याला पक्कं आठवत होतं की निकाल चौऱ्याहत्तरला लागला, तिचं लग्न त्याच वर्षीचं, म्हणून मी अर्जावर १४२/१९७४ असं लिहिलं. आठ दिवसांनी गेलो तर उत्तर आलं की ह्या नंबरचा दावा वसुलीचा आहे, तुमच्या नावाचा नाही. मला वाटलं रेकॉर्ड गेलं. मग तिथल्याच एका वयस्कर क्लार्क काकांनी विचारलं की ताई हे साल दावा लावल्याचं आहे का निकालाचं. नंबरातलं साल हे दावा दाखल झाला त्या वर्षाचं असतं, निकाल तीन काय तेरा वर्षांनीही लागतो. निकालाची तारीख वेगळी लिहायची असते. हे एक वाक्य आधी माहीत असतं तर आमचे दोन हेलपाटे वाचले असते.

साल शेवटी मिळालं, १९७१, ते जुन्या फेरफारावर. आणि ही सगळ्यात भरवशाची जागा आहे, म्हणून नीट सांगते. कोर्टाच्या निकालाने जमिनीत बदल झाला असेल तर गावच्या दप्तरात बहुतेक फेरफार पडतो, आणि त्यात "दिवाणी कोर्ट अमुक यांचेकडील रे.मु.नं. अमुक/अमुक चे हुकूमनाम्यावरून" असं लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात, गोल केलेले, ते एकेक करून मागे मागे जात काढायचे. खूप ठिकाणचे जुने फेरफार आणि जुने सातबारे स्कॅन होऊन महाभूमीच्या 'आपले अभिलेख' साईटवर आलेत, फी भरून डाऊनलोड होतात, नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्यायचा. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना पण बघा, कधीकधी दावा चालू असल्याची नोंद नंबरासकट तिथेच असते. शिवाय जुनं खरेदीखत, बँकेच्या कर्जाला लावलेला वकिलाचा सर्च रिपोर्ट, भूमी अभिलेखकडचा वाटपाच्या मोजणीचा नकाशा, ह्या सगळ्यात नंबर सापडू शकतो. वाटपाचा हुकूमनामा झाला की सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी कोर्ट स्वतः करत नाही, कलेक्टरकडे पाठवतं, त्यामुळे महसूल आणि मोजणी दोन्हीकडे त्या केसचे कागद गेलेले असतात.

आता मोबाईलवर बघा

केस अलीकडची असेल, म्हणजे कोर्टात कॉम्प्युटर आल्यानंतर चालू असलेली किंवा निकाली निघालेली, तर बहुतेक ई-कोर्ट्सवर दिसते. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी ॲप आहे आणि साईट पण आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. सारख्या नावाच्या पैसे मागणाऱ्या साईट्स निघाल्यात, सरकारी साईटचा पत्ता शेवटी गव्ह डॉट इन असाच संपतो तेवढं बघा.

राज्य, जिल्हा, मग कोर्ट कॉम्प्लेक्स म्हणजे तालुक्याचं नाव निवडायचं. पक्षकाराच्या नावाने शोधताना इंग्रजी स्पेलिंगचा घोळ होतो, एकाच माणसाचं आडनाव तीन प्रकारे टाईप केलेलं असतं, म्हणून पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची किंवा पहिल्या नावाची सुरुवातीची चार अक्षरं टाका आणि यादी वाचत जा. खाली 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' असे पर्याय असतात, नवखी माणसं पेंडिंगवरच ठेवतात आणि म्हणतात सापडत नाही, निकाल लागलेली केस डिस्पोज्डमध्येच असणार.

सापडली की सगळ्यात वर सीएनआर नंबर दिसेल, सोळा अक्षरांचा. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे कोर्टाचे, मग सहा आकडे अनुक्रमांक आणि शेवटचे चार साल. हा एक नंबर देशभरात त्या एकाच केसचा असतो, केस एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात वर्ग झाली की दाव्याचा नंबर बदलू शकतो म्हणून हा जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढला तरी कागदावर हाताने लिहा, खिडकीवर मोबाईल दाखवत बसण्यापेक्षा चिठ्ठी सरकवणं सोपं जातं.

निकालपत्राची पीडीएफ पण तिथे बऱ्याचदा असते, वाचायला, समजून घ्यायला एकदम चांगली. पण ती नक्कल नाही. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बँकेत किंवा दुसऱ्या कोर्टात ती चालत नाही, तिथे शिक्क्याचीच लागते.

१९७१ सारखा दावा मात्र ह्यात सापडणार नाही. त्याला पायानेच जावं लागतं.

कुठल्या कोर्टाचं रेकॉर्ड कुठे असेल

इथे बरीच माणसं चुकतात. आज तुमच्या तालुक्यात कोर्टाची नवी इमारत आहे म्हणजे १९६५ ला तिथे कोर्ट होतंच असं नाही, तेव्हा शेजारच्या मोठ्या तालुक्याला जावं लागायचं. जिल्हे पण बदललेत. लातूर जिल्हा १९८२ ला उस्मानाबादमधून निघाला, जालना १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीतून, सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून, नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून, हिंगोली १९९९ ला परभणीतून, पालघर २०१४ ला ठाण्यातून. त्यामुळे जुनं अपील असेल तर आधीच्या जिल्ह्याच्या कोर्टात पण विचारा. आणि निकाली निघालेलं जुनं रेकॉर्ड तालुक्यातच ठेवतात असंही नाही, जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूमला पाठवलेलं असू शकतं. तालुक्याच्या कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारा, अमुक सालाच्या निकाली मुकदम्यांचं रेकॉर्ड इथे आहे की जिल्ह्याला.

अपील झालं असेल तर तालुक्याचं सगळं बाड वर जातं. हायकोर्टापर्यंत गेलं असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे ज्याच्याकडे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आलेत.

प्रत्यक्ष जायचा दिवस

मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, दिवाळीत असते, नाताळात असते, दुसरा आणि चौथा शनिवार बंद. सुट्टीत तातडीच्या कामापुरती माणसं असतात, जुनं रेकॉर्ड कुणी काढून देत नाही. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी गर्दी फार. आम्हाला आठवड्याच्या मधले दिवस, सकाळी कोर्ट उघडल्या उघडल्या, हे सगळ्यात बरं पडलं. दोनच्या सुमाराला जेवणाची सुट्टी असते.

सोबत घ्या: आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स, ज्या आजोबा पणजोबांच्या नावावर केस होती त्यांच्याशी नातं दाखवणारे कागद (मृत्यू दाखला, वारसनोंदीचा फेरफार), कोरे कागद, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि सुट्टे पैसे. वयस्कर माणूस सोबत असेल तर डबा पण घ्या, दिवस जातो.

आत गेल्यावर ई-सेवा केंद्र असा बोर्ड दिसतो का बघा, बऱ्याच कोर्टात आता आहे, तिथे केस शोधून देतात आणि अर्ज कसा करायचा ते सांगतात. नसेल तर नक्कल विभाग विचारा, कुणी कॉपिंग सेक्शन म्हणतात. माणसांची नावं माहीत असू द्या: नाझर पैशाचं आणि बेलिफांचं काम बघतात, बेंच क्लार्क चालू केसेसच्या फाईली सांभाळतात, रेकॉर्ड कीपर निकाली बाडं. चालू केसची नक्कल हवी असेल तर फाईल बेंच क्लार्ककडे असते आणि तारखेच्या दिवशी ती न्यायाधीशांपुढे असते, म्हणून तारखेच्या दिवशी नक्कल मिळेल ह्या भरवशावर जाऊ नका.

अर्ज कसा लिहायचा

छापील फॉर्म मिळतो, नसेल तर साध्या कागदावर चालतो. मराठी ही महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून ठरलेली आहे, इंग्रजीत लिहायची काही गरज नाही. साधारण असा:

मे. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर), ______ यांचे न्यायालयात
विषय : सहीशिक्क्याच्या नकला मिळणेबाबत
रे.मु.नं. ____ / ____ (दाखल साल)
वादी : ______ विरुद्ध प्रतिवादी : ______
निकाल तारीख : ______ (माहीत नसल्यास अंदाजे साल)
मागणी : १) निकालपत्र २) हुकूमनामा ३) वादपत्र, निशाणी १ ४) तडजोडपत्र, असल्यास
अर्जदाराचे केसशी नाते : प्रतिवादी क्र. २ यांची मुलगी व वारस
कारण : वारसनोंद व मिळकतीचे कामी
अर्जदाराची सही, पूर्ण पत्ता, मोबाईल, तारीख

"सगळे कागद द्या" असं लिहू नका. एका वाटपाच्या दाव्यात दोनदोनशे पानं असतात, पानागणिक पैसे लागतात आणि वेळ पण. काय मागायचं ते समजायला कोर्टातली भाषा थोडी कळायला हवी. प्रत्येक कागदाला नंबर पडतो त्याला निशाणी म्हणतात, निशाणी एक म्हणजे वादपत्र. निशाणी पाच हा बहुतेक तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो, गावात लोक "निशाणी पाच मंजूर झाली" असं म्हणतात ते हेच. कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर. रोजनामा म्हणजे कुठल्या तारखेला काय झालं त्याची रोजची नोंद, हा फार कामाचा, कारण केस कधी तडजोडीत गेली, कोण हजर होतं, कोण नव्हतं हे त्यातून कळतं. निकालपत्रात कारणं असतात आणि हुकूमनाम्यात शेवटी कुणाला काय मिळालं ते. दोन्ही मागा. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा आणि अंतिम हुकूमनामा असे दोन असू शकतात, पहिल्यात हिस्सा ठरतो आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष जमीन, नुसता पहिलाच घेऊन घरी येऊ नका.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तो कोर्टाच्या आवारातच मिळतो. साधी आणि तातडीची असे दोन दर असतात. किती पानं आहेत ते बघून अंदाजे रक्कम सांगतात, ती भरली की काम पुढे सरकतं, आणि बरेच अर्ज इथेच अडकतात कारण अर्जदार परत फिरकतच नाही. रकमेची पावती घ्या. पावतीशिवाय कुणालाही काही देऊ नका, "मी काढून देतो" म्हणणारा आवारात कुणी ना कुणी भेटतोच. अर्जाची पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि अर्ज क्रमांक घ्या, पुढचं सगळं विचारणं त्या क्रमांकानेच होतं.

कुणाला मिळते आणि कुणाला नाही

केसमधल्या पक्षकाराला नक्कल मिळण्याचा हक्कच आहे, वारसाला नातं दाखवून मिळते. फौजदारी केसमध्ये शिक्षा झाली तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते, ती मागायला लाजू नका. बाहेरच्या माणसाला, म्हणजे जमीन विकत घेणारा किंवा अभ्यास करणारा, त्याला कारण लिहून प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो आणि परवानगी कोर्ट देतं. कारण खरं आणि नेमकं लिहा, "माहितीसाठी" एवढंच लिहिलं तर अर्ज पडून राहतो.

नवरा बायकोच्या केसेस, लहान मुलांच्या, लैंगिक अत्याचाराच्या, ह्यांची माहिती बाहेरच्याला मिळत नाही आणि मिळू पण नये. ऑनलाईन नावं दिसली नाहीत तर ती चूक नाही, मुद्दाम झाकलेली असतात.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकू का, असं मला दोन जणांनी विचारलंय. कोर्टाच्या केसमधल्या कागदांसाठी नको. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की केसमधले कागद कोर्टाच्या नियमांप्रमाणे नकलेचा अर्ज करूनच घ्यायचे. तहसील, भूमी अभिलेख, ग्रामपंचायत ह्यांच्याकडच्या कागदांना मात्र माहिती अधिकार जरूर वापरा.

खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती त्याच कोर्टात असते. बाईमाणूस असेल तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे ते. १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे. आत्याला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली, हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नाही.

बाड उघडून बघणं

कुठले कागद हवेत हेच माहीत नसेल तर आधी रेकॉर्ड बघायचा अर्ज करा, त्याची वेगळी फी असते. क्लार्कसमोर बसून बघायचं, कागद सुटा करायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, टिपण पेन्सिलने करायचं, शाईचं पेन बाजूला ठेवायचं. हे मी प्रत्येकाला सांगेन की करा.

आमच्यापुढे ते आलं तेव्हा लाल फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं होतं, आत दहाबारा दाव्यांची बाडं एकावर एक, कडा पिवळ्या पडून कुरतडल्यासारख्या झालेल्या आणि मध्ये एक जाड दोरा ओवलेला. रेकॉर्ड कीपरनी गाठ सोडून वरची बाडं अलगद बाजूला ठेवली आणि आमचं काढलं. वर मराठीत दौतीच्या शाईने लिहिलेला नंबर, १४२/७१. निकालपत्र इंग्रजीत टाईप केलेलं, जबान्या मराठीत. पानं उलटता उलटता तडजोडपत्र आलं, खाली चार सह्या आणि एक अंगठा, निळसर जांभळी शाई, शेजारी लिहिलेलं "डाव्या हाताचा अंगठा". माझी पणजी. आत्या बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसली, हात लावला नाही, मग मला म्हणाली ह्याची पण नक्कल घे. निशाणी नंबर टिपून आम्ही तो अर्जात घातला. बघितलं नसतं तर तडजोडपत्र आहे हेच आम्हाला कळलं नसतं, आणि खरी वाटणी त्यातच होती, हुकूमनाम्यात फक्त "तडजोडीप्रमाणे" एवढंच होतं.

कागद १९५० च्या आधीचे असतील तर मोडी लिपीत असू शकतात, मराठवाड्यातले निजामाच्या काळातले उर्दूत, गोव्यातले १९६१ च्या आधीचे पोर्तुगीजमध्ये. नक्कल मिळाली तरी वाचता येणार नाही. मोडीसाठी राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे, ते मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, तिथे मोडी जाणकारांबद्दल विचारा. ओळखीच्या कुणाकडून अंदाजे वाचून घेऊन त्यावर व्यवहार करू नका.

सापडत नाही म्हणाले तर

तोंडी "नाही" घेऊन परत येऊ नका. अर्जावर लेखी शेरा मागा, रेकॉर्ड नष्ट केलंय, अपिलात गेलंय, की दिलेल्या वर्णनाचं सापडलं नाही, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमाप्रमाणे काही कागद कायम ठेवतात आणि बाकीचे ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे साक्षीपुरावे गेले तरी हुकूमनामा असू शकतो, तो वेगळा विचारा. दाव्यांचं रजिस्टर बघायची विनंती करा, त्यात नंबरापुढे पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि थोडक्यात निकाल लिहिलेला असतो. त्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल पण मागता येते.

तरी नाही तर बाहेर शोधा. तहसीलला फेरफाराच्या फाईलीत हुकूमनाम्याची प्रत जोडलेली असू शकते, भूमी अभिलेखला वाटपाच्या मोजणीत, अपील झालं असेल तर अपिलाच्या निकालपत्रात खालच्या कोर्टाचा निकाल थोडक्यात येतोच. आणि समोरची पार्टी, म्हणजे चुलत घर. वैर असलं तरी एकदा जाऊन विचारा, त्यांच्या माळ्यावर तीच नक्कल जपून ठेवलेली असते, त्यावरून निदान नंबर तरी मिळेल.

नवा निकाल असेल तर घाई करा

निकाल आत्ताच लागलाय आणि विरोधात गेलाय, तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलाची मुदत तीस दिवस असते. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण अर्ज केला तरच. म्हणूनच नकलेच्या शेवटी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली ह्या तारखा लिहितात. नक्कल तयार झाल्यावर तुम्ही आठ दिवस न्यायला गेला नाहीत तर ते आठ दिवस तुमच्या मुदतीतूनच जातात.

हातात आल्यावर

खिडकी सोडायच्या आधी तिथेच उभं राहून तपासा. पानं मोजा, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटी सही, "खरी नक्कल" आणि त्या तारखा आहेत का, नावं आणि सर्व्हे नंबर मूळाप्रमाणे उतरलेत का. हाताने किंवा टाईप करून उतरवलेल्या जुन्या कागदात आकडा चुकू शकतो, आमच्या नकलेत एका सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा राहिला होता, तिथेच दाखवलं तर त्यांनी मूळाशी ताडून दुरुस्त करून सही दिली. घरी आल्यावर सापडलं असतं तर परत अर्ज.

जुन्या हुकूमनाम्यात सर्व्हे नंबर असतात आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर, एकत्रीकरणात ते बदललेत, म्हणून जुना नंबर आणि नवा गट जुळवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या आणि नकलेला जोडून ठेवा, त्याशिवाय गावात कुणाला काही दाखवता येत नाही. ज्याला त्याला झेरॉक्स द्या, मूळ नक्कल कुणाच्या हातात सोडू नका. आणि लॅमिनेशन करू नका, मागच्या बाजूचे शिक्के आणि तिकिटं तपासायची असली की ते फाडावं लागतं, साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा.